अण्णांच्या जागी आत्या : पुरुष पात्राची बाई करताना संहितेत काय काय हलतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातला एक महाविद्यालयीन गट एका हयात लेखकाची जुनी एकांकिका करतोय. सदाशिव पेठेतला वाडा, पासष्टीचे मालक अण्णा, त्यांची बायको, मुलगा, दोन भाडेकरू आणि वाडा मागायला आलेला बिल्डर. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्यात, अडलंय ते अण्णांपाशी. शेवटी अण्णा ‘मी कुठे जात नाही’ म्हणतात आणि पडदा पडतो. गटाला अण्णांची बाई करायची आहे. अर्ध्यांचं म्हणणं, ही मूळ लेखनाची मोडतोड. उरलेल्यांचं म्हणणं, नाव बदललं की झालं, माणूस तो माणूस. परदेशी मालिका-चित्रपटांत पुरुष पात्राची बाई केली की जो वाद होतो त्याचे दाखले दोन्हीकडून दिले जातायत. बरोबर कोणाचं, आणि करायचंच तर कसं?

‘नाव बदललं की झालं’ हे म्हणणं जास्त चुकीचं आहे. पात्राचा पुरुषपणा त्याच्या स्वतःच्या वाक्यांत फार थोडा असतो. समोरचे त्याला काय बोलतात, काय बोलायला धजत नाहीत, त्याच्यासाठी कोण उठून उभं राहतं, त्याला मध्येच कोण तोडतं, यात तो असतो. त्यामुळे अण्णांची बाई करायची म्हणजे बाकीच्या पाच जणांची वाक्यं पुन्हा लिहायची. ती तयारी असेल तर मोडतोड म्हणणाऱ्यांना प्रयोगातूनच उत्तर मिळेल. नसेल तर त्यांचंच खरं, आणि मग अण्णांना अण्णाच राहू द्यावं.

वाद घालायच्या आधी आपण नक्की कशाबद्दल बोलतोय ते एकदा ठरवून घ्या, कारण तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात. पहिली, कलाकार एका लिंगाचा आणि पात्र दुसऱ्या. बालगंधर्वांनी १९१९ मध्ये ‘एकच प्याला’तली सिंधू केली तेव्हा सिंधू बाईच होती, करणारा पुरुष होता. तमाशाच्या गवळणीतली मावशी हीही त्यातलीच. दुसरी गोष्ट म्हणजे कथेच्या आतलं वेषांतर. पुरुष साडी नेसून फसवतो, प्रेक्षकाला ते ठाऊक असतं, आणि सगळी गंमत त्या ठाऊक असण्यावर चालते. तिसरी म्हणजे पात्रच बदलणं. तुम्ही करताय ती ही तिसरी. म्हणून ‘आपल्याकडे बालगंधर्वांपासून परंपरा आहेच की’ हा पुण्यात हमखास येणारा मुद्दा इथे लागू पडत नाही. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रियांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या, तो बदलही कोणी भूमिका करायची याचा होता. लिहिलेलं पात्र तिथे बदललं नव्हतं.

बाहेरचे दाखले द्यायचेच तर नेमके द्या. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेत नायकाचं शरीर बदलण्याची सोय कथेतच होती आणि १९६६ पासून ती वापरली जात होती. २०१८ मध्ये जोडी व्हिटेकर पूर्ण मालिकेत डॉक्टर म्हणून आली तेव्हा ‘हे मूळ कथेत बसत नाही’ या आक्षेपाला आधार उरला नव्हता. आवड-नावड वेगळी. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या अमेरिकी अंतराळ-मालिकेतला वैमानिक स्टारबक १९७८ मध्ये पुरुष होता, २००३ मध्ये बाई झाली. जुगार, सिगार, वरिष्ठांना उलट बोलणं, सगळं ठेवलं, पण भोवतीच्या माणसांशी तिची नाती नव्यानं लिहिली. १९४० च्या ‘हिज गर्ल फ्रायडे’चं मूळ नाटक १९२८ चं. त्यात संपादक आणि नोकरी सोडून निघालेला बातमीदार हे दोघेही पुरुष. चित्रपटात बातमीदार बाई केली आणि ती संपादकाची घटस्फोटित बायको केली. ‘नोकरी सोडू नकोस’ या एकाच मागणीला त्यामुळे दुसरा अर्थ चिकटला, आणि चित्रपट उभा राहिला तो त्या दुसऱ्या अर्थावर.

सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण अमेरिकी नाटककार नील सायमनचं. ‘द ऑड कपल’ हे १९६५ चं नाटक दोन पुरुष मित्रांचं. १९८५ मध्ये सायमननं स्वतःच त्याची बायकांची आवृत्ती लिहिली. नुसती नावं फिरवून तो थांबला नाही. पुरुषांचा पत्त्यांचा अड्डा काढून बायकांना सामान्यज्ञानाच्या प्रश्नांचा खेळ दिला, आणि वरच्या मजल्यावरच्या दोन बहिणींच्या जागी दोन स्पॅनिश भाऊ आणले. मूळ लेखकालासुद्धा जे नुसत्या नावावर भागवता आलं नाही, ते आपल्याला कसं भागेल?

आता मराठीचा प्रश्न. इंग्रजीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांत फरक नाही, त्यामुळे तिथले लोक नाव आणि सर्वनाम बदलून पहिला खर्डा उरकू शकतात. आपल्याकडे क्रियापद बोलतं, पण सगळीकडे नाही. कुठे बोलतं हे ठाऊक असलं की काम निम्मं होतं. ‘मी बघतो-बघते’, ‘मी गेलो-गेले’, ‘मी जायचो-जायचे’, ‘मी करणार होतो-होते’ हे बदलणार. ‘मी बघीन’, ‘मी करणार’, ‘मी जात नाही’, ‘मला वाटतं’ हे जसंच्या तसं राहणार. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं, म्हणून ‘मी सही केली’, ‘मी पत्र वाचलं’ यांना हात लावायचा नाही. फसवणारी क्रियापदं म्हणजे बोलणे, म्हणणे, विसरणे, शिकणे, भेटणे. ती वरवर सकर्मकासारखी वाटतात, पण ‘मी विसरलो’चं ‘मी विसरले’ होतंच. तालमीत नटीच्या तोंडून जुनं रूप निसटतं ते बहुतेक इथेच.

समोरच्यांच्या वाक्यांत ‘तू’ असेल तर बदल (‘गेलास-गेलीस’, ‘येतोस-येतेस’), ‘तुम्ही’ असेल तर काही नाही (‘गेलात’, ‘येता’). अण्णांना सगळे अहो-जाहो करतात, त्यामुळे व्याकरणाच्या बाजूनं तुमची संहिता सोपी आहे. त्यांच्या पाठीमागे बोलतात तिथे मात्र ‘ते आले’चं ‘त्या आल्या’ करायला विसरू नका. विशेषणं स्वतंत्र वाचून काढा : एकटा, म्हातारा, हट्टी. यातला ‘हट्टी’ दिसायला बदलत नाही, पण अर्थानं बदलतो. पासष्टीच्या पुरुषाला हट्टी म्हटलं की तत्त्वाचा माणूस ऐकू येतो. बाईला म्हटलं की तक्रार ऐकू येते.

हे काम कॉम्प्युटरवर ‘शोधा आणि बदला’ देऊन करू नका. ‘तो’ हे अक्षर ‘करतो’मध्येही आहे, आणि ‘तो वाडा’, ‘तो करार’मध्येही आहे. एका फटक्यात ‘ती करार’ होऊन बसेल. कागदावर छापून दोन रंगांची पेनं घ्या, एक क्रियापदांना आणि विशेषणांना, दुसरं हाका आणि संबोधनांना. दोन वेगळी वाचनं करा, दोन्ही एकदम नको. एकांकिकेच्या संहितेला एक संध्याकाळ पुरते.

एक अपवाद लक्षात असू द्या. कोल्हापूर-सांगलीकडच्या बोलीत बायका सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. पात्र तिकडचं असेल तर पुल्लिंगी रूपं ठेवणं हीच शुद्धता. तुमची बाई सदाशिव पेठेत वाढलेली आहे, तिला हे चालणार नाही.

पदं असतील तर मात्रांची काळजी नको. ‘तो’ आणि ‘ते’ दोन्ही गुरू, ‘गेलो’ आणि ‘गेले’ही सारखेच. मोडतं ते यमक. ओळीच्या शेवटी क्रियापद असेल तर दोन्ही ओळी नव्यानं बांधाव्या लागतात. शिवाय पट्टी बदलते. पेटीच्या काळी एक-पांढरी दोनमध्ये बसवलेलं पद बाईला साधारण काळी चार-पाचमध्ये लागेल, म्हणजे तबलाही दुसरा आणायचा. हे रंगीत तालमीच्या दिवशी कळू नये.

पण खरी मेख संबोधनात आहे. वाडाभर ‘अण्णा’ ही एकच हाक सगळ्यांना पुरते. बाईला ती सोय नाही. भाडेकरू ‘वहिनी’ म्हणाले की ती मालकाची बायको झाली, मालकी नवऱ्यामार्फत आली. ‘काकू’ म्हटलं तरी तेच. ‘आजी’ म्हटलं की मालकी गेलीच, वय तेवढं उरलं. ‘मालकीणबाई’ म्हटलं की भाडेकरू टोमणा मारतोय असं वाटतं. ‘ताई’ किंवा ‘आत्या’ म्हटलं तर ती या घराची लेक ठरते. म्हणजे हाक ठरवताना वाडा तिच्याकडे आला कसा, हेच तुम्ही ठरवताय. आधी तो निर्णय घ्या, हाक त्यातून आपोआप येईल.

विधवा केली तर कथानक गळतं. नवरा मृत्युपत्र न करता गेला असेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बायको, मुलगे, मुली आणि हयात असेल तर त्याची आई, हे सगळे पहिल्या वर्गातले वारस. ती एकटी मालकीण होत नाही. मृत्युपत्र दाखवायचं तर त्यासाठी एक प्रसंग वाढतो, आणि प्रेक्षक तो नवऱ्याच्या मोठेपणाचा प्रसंग म्हणून पाहतात.

तिला घराची लेक करा, माहेरी परत आलेली. मग पात्रांची संख्या तेवढीच राहून सगळी नाती जागेवर बसतात. अण्णांच्या बायकोची वहिनी होते, दिवंगत भावाची बायको. अण्णांच्या मुलाचा भाचा होतो. वहिनी आणि भाच्यानं भावाच्या हिश्शापुरती सही केलेली आहे, भाडेकरूंच्या संमती घेतलेल्या आहेत, उरली ती आत्याची सही. मूळ एकांकिकेतला पेच तसाच राहतो, उलट जास्त पक्का होतो. कारण अण्णांची सही लागणार हे बिल्डरला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आत्याची लागणार हे त्यानं मोजलंच नव्हतं.

त्यासाठी काळ मात्र नक्की करा. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं लग्नाची अट राहिली नाही, आणि त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा एकांकिका आजच्या काळात आणली तर आत्याची सही कायद्यानं लागतेच. संहितेत एवढं सगळं सांगत बसायचं नाही. भाच्याच्या हातात हक्कसोडपत्राचा कागद द्या, तेवढा पुरे. बहिणीनं माहेरचा हिस्सा सोडून द्यायचा असतो हे प्रेक्षकातल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

आता एक जागा जवळून पाहू. मूळ संवाद साधारण या वळणाचा असेल :

बिल्डर : अण्णा, तुम्ही हो म्हणालात की बाकीचं आमच्यावर सोडा.
अण्णा : बघतो. दोन दिवस द्या.

नुसतं लिंग बदललं तर :

बिल्डर : आत्या, तुम्ही हो म्हणालात की बाकीचं आमच्यावर सोडा.
आत्या : बघते. दोन दिवस द्या.

व्याकरणात चूक नाही, प्रसंग मेला. पुरुषाच्या ‘बघतो’मध्ये ठरवण्याचा अधिकार असतो, समोरचा गप्प बसतो. त्याच जागी ‘बघते’ म्हणजे कोणाला तरी विचारून सांगते, असं ऐकू येतं. शिवाय असा बिल्डर मुळात तिच्याशी बोलणारच नाही. म्हणून :

बिल्डर (भाच्याला) : आत्यांना जरा समजावून सांगा. कागद साधा आहे.
आत्या : मला सांगा. मी इथेच बसलेय.

अण्णांच्या भूमिकेला जो मान आयता मिळत होता तो आत्याला दर प्रसंगात मिळवावा लागतो. त्या मिळवण्यालाच नाट्य म्हणतात. एकदा ही किल्ली सापडली की बाकीची पानं भराभर लिहून होतात. वहिनीच्या वाक्यांत तर फार सुंदर गोष्ट घडते. मूळची बायको ‘अहो, ऐकलंत का’ म्हणते. आता तिथे ‘वन्सं, ऐकलंत का’ येतं. क्रियापद तेच, पण नवऱ्यापुढची बायको जाऊन नणंदेपुढची भावजय उभी राहिली. दोघींनी एका स्वयंपाकघरात काढलेली वर्षं त्या एका शब्दात येतात. मूळ एकांकिकेत बायकोला नवऱ्याच्या हो ला हो करण्यापलीकडे काम नव्हतं असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. वहिनीला मात्र स्वतःची बाजू आहे : नळ, जिना, गुडघे, लिफ्टचं घर. तिची सही लोभापोटी झालेली नाही हे कळलं पाहिजे.

हातातल्या वस्तूंकडे वळू. अण्णा ओट्यावर बसून पेपर वाचत पान लावतात. बाई आली की दिग्दर्शक तिच्या पुढ्यात भाजीची परडी ठेवतो. ठेवू नका. तिच्या हातात भाड्याची वही आणि पावतीपुस्तक द्या. ओट्यावरची अण्णांची जागा तिला पहिल्या प्रवेशापासून देऊन टाकायची की शेवटच्या प्रवेशात ती तिथे पहिल्यांदा बसते असं करायचं, हे तुम्ही ठरवा. दुसरं जास्त जड पडेल.

म्हणी आणि हिणवण्या वेगळ्या तपासा. ‘बांगड्या भरल्यात का?’ हे वाक्य अण्णांना मुलानं उद्देशून असेल तर ते आता निरर्थक आहे. त्याच्या जागी दुसरी हिणवणी शोधू नका. बाईला हिणवण्याची तऱ्हाच वेगळी असते. तिला ‘तुम्हाला यातलं कळत नाही’ असं प्रेमानं सांगतात. धंद्याच्या शब्दांचंही पाहा. पाटलीण, वकीलीण या जुन्या रूपांचा पहिला अर्थ अमक्याची बायको असा आहे. पद सांगायचं असेल तर वकील, सरपंच, मॅनेजर हेच शब्द बाईलाही ठेवा.

थप्पड हा नेहमीचा अपघात. वडील मुलाला मारतात तिथे प्रेक्षागृह चिडीचूप होतं. त्याच जागी बाईनं तरण्या पुरुषाला मारलं की हशा येतो, हमखास. तो हशा पुढची तीन-चार मिनिटं खाऊन टाकतो. उपाय म्हणजे थप्पड काढणं. आत्या हक्कसोडपत्राचा कागद घडी घालून भाच्याच्या खिशात परत ठेवते, एवढं केलं तर हसायला जागा राहत नाही.

काही पात्रं मात्र फिरवूच नयेत, आणि विरोध करणाऱ्यांचं इथे मनापासून ऐकायला हवं. ‘शारदा’ (१८९९) हे म्हाताऱ्या श्रीमंताशी कोवळ्या मुलीचं लग्न लावण्याच्या चालीवरचं नाटक. चालच एका बाजूची आहे. भुजंगनाथाची म्हातारी केली की विषय नाहीसा होतो. ‘एकच प्याला’ पाहा. दारूच्या आहारी गेलेला वकील सुधाकर हा सिंधूचा नवरा. त्याची वकील बाई करायची तर १९१९ हा काळ सोडावा लागतो, कारण स्त्रियांना वकिलीचा मार्ग मोकळा करणारा कायदा १९२३ चा. डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनासुद्धा त्याची वाट पाहावी लागली. काळ पुढे आणला तरी दुसरी अडचण उरतेच. सिंधूची शोकांतिका तिला जायला जागा नाही यात आहे. तिच्या जागी सोशिक नवरा आणला तर त्याला दार उघडं आहे, तरी तो थांबतो. प्रेक्षक त्याला थोर म्हणतात आणि शोकांतिकेचं रूपांतर कौतुकात होतं. ‘संशयकल्लोळ’मध्ये फाल्गुनराव आणि त्याची बायको कृत्तिका दोघंही आपापल्या परीनं संशयी आहेत, अदलाबदल करून हाती काही लागत नाही. ‘त्यापेक्षा बाईचं नवं पात्र लिहा’ हा आक्षेप अशा ठिकाणी शंभर टक्के बरोबर आहे. पात्र फिरवल्यावर नवा पेच मिळत नसेल तर फिरवू नये, एवढी सरळ कसोटी. वाड्याच्या एकांकिकेत तो पेच मिळतोय, म्हणून माझा कौल बदलाच्या बाजूला.

परवानगी हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण तोच आधी करा. प्रयोगाची परवानगी म्हणजे बदलाची परवानगी नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ लेखकाला हक्क विकल्यानंतरही आपल्या लेखनाच्या विपर्यासाविरुद्ध दाद मागू देतं. ‘आपका बंटी’ या आपल्या कादंबरीवरच्या चित्रपटाबद्दल मन्नू भंडारींनी याच कलमाखाली दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला होता. लेखकाच्या निधनानंतर हक्क ६० वर्षं टिकतो आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०२९ अखेरपर्यंत संरक्षित. ‘शारदा’चे देवल आणि ‘एकच प्याला’चे गडकरी यांची मुदत संपलेली आहे, ते मोकळे आहेत. शेक्सपिअर मोकळा, पण त्याचा मराठी अनुवाद मोकळा असेलच असं नाही. अनुवादकाचा हक्क वेगळा. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘वेटिंग फॉर गोदो’ हे पुरुष पात्रांचं नाटक बायकांनी केलं तेव्हा त्याचा लेखक बेकेट कोर्टात गेला आणि हरला. शब्द एकही बदलला नव्हता, हे तिथे महत्त्वाचं ठरलं. नंतर त्यानं त्या देशात आपली नाटकं करायला मनाई केली. तुम्ही शब्द बदलताय, तेव्हा त्या निकालाचा आधार घेऊ नका.

तुमचे लेखक हयात आहेत. त्यांना फोनवर ‘थोडा बदल करतोय’ सांगून गप्प बसू नका. बदललेली पूर्ण संहिता, सोबत एका पानावर बदलांची यादी (नाती, काळ, काढलेले आणि वाढवलेले संवाद) असं घेऊन जा आणि त्याच पानावर लेखी होकार घ्या. नाही म्हणाले तर तो नकार पाळायचा. प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मिळतं ते सादर केलेल्या संहितेला, म्हणून जुन्या अण्णांच्या प्रमाणपत्रावर आत्याचा प्रयोग करू नये. स्पर्धेची नियमावलीही पाहून ठेवा. रूपांतरित संहितेबद्दल तिथे वेगळी अट असू शकते.

तालमीला बसण्याआधी एक वाचन असं करा : आत्याचं एकही वाक्य वाचायचं नाही, फक्त बाकीच्या पाच जणांची वाक्यं सलग वाचायची. ऐकणाऱ्याला मधली व्यक्ती कोण आहे, तिचं वय, घरातलं स्थान आणि ती बाई आहे हे कळलं पाहिजे. कळलं नाही तर ती पानं अजून अण्णांचीच आहेत, परत लिहा.

राहिलं शेवटचं वाक्य. ‘मी कुठे जात नाही.’ व्याकरणानं यात काहीच बदलत नाही, एक अक्षरही नाही. पण लहानपणापासून ‘तू दिल्या घरी जायची’ हे ऐकत वाढलेली, एकदा जाऊन परत आलेली बाई ते माहेरच्या ओट्यावर बसून म्हणतेय. ते तसंच ठेवा, आणि त्यानंतर समजावून सांगणारी दोन वाक्यं कोणी घातली असतील तर काढून टाका.